जानेवारीत खडा, एप्रिलमध्ये भडका : ॲसिटिक ॲसिडबद्दलचे काही पक्के गैरसमज

शनिवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर अर्ध्या लिटरची तपकिरी बाटली ठेवली आणि वर्षभर तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तर ती दोन वेळा रूप बदलते. जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा आतला पाण्यासारखा द्रव थिजून खडीसाखरेसारखा घट्ट होतो. एप्रिलच्या शेवटी पत्र्याखालचा तोच माळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याच बाटलीच्या तोंडाशी जमलेली वाफ ठिणगीने पेटू शकते. ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲसिटिक ॲसिड १६.६ अंश सेल्सिअसला गोठतं आणि साधारण ३९ अंशांना त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. पुणं हे दोन्ही आकडे दरवर्षी ओलांडतं. एप्रिल २०१९ च्या अखेरीस तर शिवाजीनगरच्या वेधशाळेत ४३ अंशांची नोंद झाली होती.

शनिवार पेठ ही काही एमआयडीसी नव्हे. इथल्या बोळात टँकर शिरलाच तर तो पाण्याचा असतो. ॲसिटिक ॲसिडवर चालणारे मोठे कारखाने दूर आहेत. नीरेला ज्युबिलंटचा आहे, महाडला लक्ष्मी ऑरगॅनिकचा. महाराष्ट्रात या रसायनांची नाळ उसाशी जुळलेली आहे : मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड, त्यापासून ॲसिटिक ॲसिड. आपण सुताराच्या हातात पाहतो त्या पांढऱ्या गोंदाच्या मुळाशीही हेच ॲसिड असतं. पेठेत ते येतं ते लिटरा-दोन लिटरांनी. शाळांच्या प्रयोगशाळेत, पॅथॉलॉजी लॅबच्या कपाटात, रेशीम आणि लोकर रंगवणाऱ्याकडे, चायनीजच्या गाडीमागच्या कॅनमध्ये आणि बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये. कारखान्यात निदान सुरक्षा अधिकारी असतो. पेठेत असतं ते फक्त आपलं सामान्य ज्ञान, आणि या बाबतीत ते बरंचसं चुकीचं आहे.

गैरसमज : "अहो, व्हिनेगरच ना ते!"

रेणू एकच, हे खरं. पण या प्रकरणात सगळा खेळ टक्केवारीचा आहे. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसिटिक ॲसिड असतं. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार ते किमान ३.७५ टक्के असावं लागतं. उरलेलं बहुतेक पाणीच. दहा टक्क्यांच्या पुढे द्रावण त्वचेची आग करू लागतं. पंचवीसच्या पुढे ते त्वचा जाळतं. नव्वदच्या पुढे ते अतितीव्र दाहक ठरतं आणि डोळ्यात गेलेला एक थेंब कायमची दृष्टी नेऊ शकतो. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ८० टक्क्यांवरच्या ॲसिडला २७८९ हा क्रमांक आहे आणि त्यावर दाहक व ज्वलनशील अशी दोन्ही चिन्हं लावावी लागतात. दहा ते ८० टक्क्यांच्या द्रावणाचा क्रमांक २७९०, आणि त्यावर चिन्ह फक्त दाहकतेचं.

दिसायला मात्र हे सगळे प्रकार सारखेच. रंग नाही, गाळ नाही. म्हणून मला या सगळ्यात घातक वाटते ती आपली बाटल्या पुन्हा वापरण्याची सवय. कॅनमधून थोडंसं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून घ्यायचं, लेबल लावायचं नाही, कारण "आपल्याला माहीत आहे ना". घरातल्या लहान मुलाला ते माहीत नसतं, पाहुण्याला नसतं, संध्याकाळी कामाला येणाऱ्या बाईंनाही नसतं. रशियात ७० टक्क्यांचं व्हिनेगर इसेन्स पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरात राहिलं. घरी पाणी घालून ते पातळ करायचं, अशी तिथली पद्धत. त्याचा परिणाम म्हणजे तिथल्या विषबाधांच्या नोंदींमध्ये या इसेन्सचं स्वतंत्र प्रकरण तयार झालं. पोटात गेलेलं तीव्र ॲसिटिक ॲसिड नुसती अन्ननलिका जाळून थांबत नाही. ते रक्तात शोषलं जातं, तांबड्या पेशी फोडतं आणि त्यातून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

इथे शाळेत शिकलेली एक गोष्ट आड येते. दहावीच्या पुस्तकात इथेनॉइक आम्ल म्हणून हे भेटतं आणि ते सौम्य आम्ल असल्याचं आपण पाठ करतो. रसायनशास्त्रात ते बरोबरच आहे. त्याचे रेणू पाण्यात फार थोडे विघटित होतात, एवढाच त्याचा अर्थ. पण न विघटित झालेला रेणू विद्युतभार नसल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. सौम्य म्हणून हातावर घेतलेलं ॲसिड त्वचेत खोल उतरतं ते याच कारणाने.

गैरसमज : "ॲसिड जाळतं, पण पेटत नाही"

हा समज कुठून आला ते सरळ आहे. आपल्या ओळखीची ॲसिडं म्हणजे संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक आणि बॅटरीतलं सल्फ्युरिक. ती दोन्ही स्वतः पेट घेत नाहीत. ॲसिटिक ॲसिड मात्र कार्बनी आहे. ते अल्कोहोलच्या कुळातून आलेलं आहे आणि जळताना ते कुळ आठवतं.

इथे फ्लॅश पॉइंट म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. द्रवावर पुरेशी वाफ जमून ती ठिणगीने पेटेल, असं सर्वांत कमी तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. ॲसिटिक ॲसिडचा तो ३९-४० अंशांच्या घरात आहे. भारतीय मानकानुसार रॉकेलचा किमान ३५ असावा लागतो. म्हणजे पेट घेण्याच्या बाबतीत हे ॲसिड रॉकेलच्या शेजारी बसतं. घरात रॉकेलचा डबा समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीखाली कुणी ठेवत नसे. ॲसिटिक ॲसिडचा कॅन मात्र बिनदिक्कत तिथेच सापडतो, कारण त्याच्यावर 'ॲसिड' लिहिलेलं असतं आणि ॲसिडची भीती हाताची असते, घराची नसते.

अर्थात डिसेंबरच्या थंड खोलीत बाटली उघडली म्हणून स्फोट होईल, असं मुळीच नाही. हवेत वाफ चार टक्क्यांहून कमी असेल तर ती पेटत नाही, आणि थंडीत तेवढी वाफ होतच नाही. व्हिनेगर तर जवळजवळ पाणीच असल्याने पेटायचा प्रश्नच नाही. धोका आहे तो उन्हाळ्यात पत्र्याखाली, भट्टीजवळ, उन्हात उभ्या केलेल्या टेम्पोत, किंवा कुणी ॲसिड मुद्दाम तापवत असेल तर. त्यात त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड. ती वर जाऊन विरत नाही, खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. जुन्या वाड्यांच्या लाकडी जिन्यांची रचना अशी की माळ्यावरून निघालेलं काहीही शेवटी खालच्या मजल्यावरच पोहोचतं. तिथे गॅस गीझरची ज्योत असते, फ्रिजचं बटण असतं, देवापुढचं निरांजन असतं.

आग लागलीच तर एक गोष्ट रॉकेलहून बरी. ॲसिटिक ॲसिड पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे पाण्याच्या फवाऱ्याने ते पातळ होऊन विझायला मदत होते. रॉकेल पाण्यावर तरंगत जळत राहतं. लहान आगीला ड्राय पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर चालतो. साधा फोम मात्र या ॲसिडात विरघळून निकामी होतो. अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो आणि तो अग्निशमन दलाकडे असतो. म्हणून आधी १०१. पेठेत गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाक्या. गाडी दाराशी यायला वेळ लागणार, हे धरूनच चालायचं. जुन्या सागवानी बांधकामाला आग काय करते याचा दाखला शोधायला लांब जायला नको. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा सात दिवस जळत होता.

आणि आता प्रयोगशाळेचं कपाट. माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे. पेठेत रमणबाग, अहिल्यादेवी अशा मोठ्या आणि जुन्या शाळा आहेत, शेजारच्या पेठांत आणखी कितीतरी. प्रयोगशाळेचा नियम सगळीकडे जवळपास सारखाच : सगळी ॲसिडं एका कपाटात. दिसायला शिस्तीचं वाटतं, पण ॲसिटिक आणि नायट्रिक शेजारी ठेवणं म्हणजे इंधन आणि इंधन भडकवणारा पदार्थ एकत्र ठेवणं. नायट्रिक ॲसिड, क्रोमिक ॲसिड, पोटॅशियम परमँगनेट, तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्याशी तीव्र ॲसिटिक ॲसिडची गाठ पडली तर बाहेरची ठिणगी लागतेच असं नाही. दोन बाटल्या एकाच वेळी फुटणंही पुरतं. ॲसिटिकची जागा अल्कोहोल, ॲसिटोन यांच्या ज्वलनशील कपाटात, त्यातही वेगळ्या ट्रेमध्ये. नायट्रिक त्या कपाटातही नको. हे करायला अनुदान लागत नाही, एक दुपार लागते.

गैरसमज : "गोठलंय, म्हणजे खराब झालं"

खराब झालेलं नसतं. उलट सोळा-सतरा अंशांना ते थिजतं, ही त्याच्या शुद्धतेचीच खूण आहे. थोडं पाणी मिसळलं की गोठणबिंदू खाली जातो. पाण्यापेक्षा याची रीतही उलटी. पाणी गोठताना फुगतं, हे आकसतं. गोठताना बाटली फुटत नाही, पण वितळताना आतला द्रव पसरतो, आणि बाटली काठोकाठ भरलेली असेल, बूच घट्ट असेल, तर काचेवर ताण येतो.

खरी गडबड माणूस करतो. थिजलेली बाटली तो गॅसवर तापलेल्या भांड्यात ठेवतो, हीटरसमोर धरतो, किंवा सुरीने आतला खडा फोडायला जातो. पहिल्या दोन प्रकारांत आपण ज्वलनशील द्रव ज्योतीजवळ तापवत असतो. तिसऱ्यात ॲसिडचे कण थेट डोळ्याकडे उडतात. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत उभी ठेवावी. पाणी हाताला सहज सोसेल एवढंच कोमट. खोलीची खिडकी उघडी असावी, जवळपास विस्तव नसावा. तासाभरात ते वितळतं. बूच उघडताना तोंड आपल्यापासून दूर आणि हात सावकाश.

पातळ करतानाचा नियम सगळ्यांना पाठ आहे : ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात नाही. सल्फ्युरिकच्या बाबतीत तो जीवनमरणाचा आहे. ॲसिटिक तसं उकळून उसळत नाही, तरी नियम तोच पाळावा. हाताला एकच सवय असलेली बरी. जुन्या डार्करूमवाल्यांचं प्रमाण होतं तीन भाग ग्लेशियल, आठ भाग पाणी. त्याचं २८ टक्क्यांचं द्रावण होई आणि तेच पुढे आणखी पातळ करून स्टॉप बाथमध्ये जाई. तयार झालेल्या बाटलीवर ते '२८' लिहीत. ही सवय उचलण्यासारखी आहे.

गैरसमज : "वास सोसवतो ना, मग काळजी नाही"

ॲसिटिक ॲसिडचा वास फार कमी प्रमाणातही येतो, आणि हा त्याचा चांगला गुण आहे. आपल्याकडच्या जुन्या कारखाना कायद्यात आठ तासांच्या कामासाठी हवेतली मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग होती, थोड्या वेळासाठी १५. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने ५० भागांची हवा तातडीचा धोका मानली आहे. नाक या सगळ्याच्या बरंच आधी सांगतं. पण नाक दमतं. अर्ध्या तासाने त्याच खोलीतला तोच वास कमी वाटू लागतो आणि माणूस समजतो की हवा सुधारली. डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला, की वासाचा हिशेब सोडून बाहेर पडावं. दम्याच्या माणसाने तर तेवढीही वाट पाहू नये.

वासावरून उलटी फसगतही होते. काचेचं कपाट किंवा माशांची टाकी चिकटवायच्या सिलिकॉनला सुकताना शिरक्याचा वास येतो. ते सिलिकॉन घट्ट होताना थोडं ॲसिटिक ॲसिड सोडतंच. खिडकी उघडी ठेवली की झालं, त्याचा बाऊ करायला नको.

आणखी एक वास खास पुण्याचा म्हणायला हरकत नाही. पेठेतल्या घरांत अजून लोखंडी ट्रंका आहेत आणि ट्रंकांत जुन्या निगेटिव्ह, कुठे कुठे लग्नाच्या सोळा मिलिमीटरच्या रिळाही. डबा उघडला की आंबट भपकारा येतो. "कुणीतरी कीटकनाशक मारलंय" असं म्हणून लोक झाकण लावतात. कुणी काही मारलेलं नसतं. ती फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असते, आणि दमट, उबदार जागेत ती हळूहळू फुटून ॲसिटिक ॲसिड सोडते. सुटलेलं ॲसिड उरलेल्या फिल्मचा नाश आणखी वेगाने करतं. जगभरचे फिल्म संग्रहालयवाले याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांपुढची ही रोजची लढाई आहे.

ॲसिटेटची फिल्म आली ती मुळात सुरक्षित म्हणून. तिच्याआधीची नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही होती. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, संग्रहालयाच्या कोठाराला आग लागून नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. ॲसिटेट तशी पेटत नाही, मात्र ती आंबत जाते. घरच्या डब्याला असा वास येत असेल तर भडका उडणार नाही, पण आठवणी जाणार हे नक्की. असा डबा इतर फिल्मपासून वेगळा करावा, थंड आणि कोरड्या जागी हलवावा आणि लवकरात लवकर स्कॅन करून घ्यावा.

गैरसमज : "लागलं तर लगेच कळतं, आणि वर सोडा चोळला की झालं"

दोन्ही अर्धी चूक. तीव्र ॲसिटिक ॲसिड कधी कधी सुरुवातीला फक्त गार, ओलसर लागतं. फोड उठायला अर्धा तास, कधी काही तास लागतात. तोवर माणूस ओल्या बाहीनेच काम करत राहतो, आणि कापड ॲसिड त्वचेला धरून ठेवतं.

सोड्याचं तर्कशास्त्र शाळेतलं आहे : आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार आणि पाणी. परीक्षानळीत ते छान चालतं. अंगावर मात्र ती क्रिया उष्णता देते, फेस करते आणि मुख्य म्हणजे वेळ खाते. उपाय एकच आहे, आणि तो कंटाळवाणा आहे : वाहतं पाणी, निदान पंधरा ते वीस मिनिटं, घड्याळ लावून. कपडे, घड्याळाचा पट्टा, अंगठी, बांगड्या पाण्याखालीच काढायच्या. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी सोडायचं, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, आणि मग सरळ रुग्णालय. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही नको. डॉक्टरांना आधी तेच पुसून काढावं लागतं.

पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही. जे ॲसिड उतरताना अन्ननलिका जाळून गेलं, ते चढतानाही जाळेल. सोडाही पाजायचा नाही. आत वायू होऊन भाजलेल्या जठरावर ताण येतो. तोंड खळखळून धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि बाटली सोबत न्यायची. इथे पुन्हा तीच टक्केवारी कामाला येते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'किती तीव्र?' हाच असणार.

याच जातीचा एक घरगुती उपाय म्हणजे चामखिळीवर ॲसिड लावणं. ॲपल सायडर व्हिनेगर तर पाचच टक्क्यांचं, पण तेसुद्धा पट्टीखाली रात्रभर बांधून ठेवल्याने मुलांची कातडी भाजल्याच्या नोंदी आहेत. तिथे प्रयोगशाळेतलं ॲसिड वापरण्याबद्दल काय बोलावं.

गैरसमज : "हातमोजे घातले की निर्धास्त"

कोणते, यावर आहे. दवाखान्यातले पातळ लेटेक्सचे मोजे ग्लेशियल ॲसिडापुढे टिकत नाहीत. पातळ नायट्राइलचे मोजे शिंतोड्यापुरते ठीक, ॲसिड सांडलं की लगेच बदलायचे. जास्त वेळ काम असेल तर ब्यूटाइल किंवा निओप्रीन रबराचे जाड मोजे हवेत. पण मोज्यांआधी चष्मा. नेहमीचा नंबरचा नव्हे, बाजूंनी बंद असलेला.

गैरसमज : "सांडलं तर भुसा टाका, फिनेल मारा, पुसून घ्या"

पेठेतल्या घरांत अजून शहाबादी फरशी आहे. ती चुनखडीची असते. तिच्यावर हे ॲसिड सांडलं की फेस येतो, फरशी खरवडल्यासारखी होते आणि तो डाग जन्माचा राहतो. फरशी गेली तरी चालेल, माणूस महत्त्वाचा. खिडक्या उघडा, शेगडी आणि निरांजन विझवा, विजेची बटणं चालू-बंद करत बसू नका. मग कोरडी वाळू पसरा, किंवा खाण्याचा नाहीतर धुण्याचा सोडा कडेकडेने, थोडा थोडा टाका. सोड्याची खरी जागा इथे आहे, फरशीवर. फेस यायचा थांबला की गोळा करा आणि भरपूर पाण्याने धुवा. भुसा नको, तो स्वतः जळतो.

आणि ब्लीच मुळीच नको. स्वच्छतेच्या हौसेने ॲसिडावर ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. यासाठी तीव्र ॲसिड लागत नाही. बाथरूमच्या टाइलवर आधी व्हिनेगर आणि मग ब्लीच, हा घरोघरी चालणारा प्रयोगही तोच वायू देतो. बंद मोरीत तो फुप्फुसांना पुरेसा असतो.

साठवणीचं थोडक्यात. काचेची किंवा जाड एचडीपीईची बाटली, खाली ट्रे, खांद्याच्या उंचीच्या खाली, उन्हापासून आणि पत्र्यापासून दूर. तांब्यापितळेच्या भांड्यात कधीच नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवू नये हे आजी सांगायची, त्यामागचं रसायन हेच. लोखंडी डब्यातही नाही, कारण तिथे ते धातू खातं आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतं.

गैरसमज : "पाणी घालून पातळ केलं की खायचं व्हिनेगर तयार"

रासायनिकदृष्ट्या जवळपास खरं, म्हणून हा गैरसमज सर्वांत चिवट. कृत्रिम व्हिनेगर ॲसिटिक ॲसिडपासून करायला कायद्याची मनाई नाही. मात्र ते कृत्रिम आहे, ॲसिटिक ॲसिडपासून केलेलं आहे, हे लेबलवर स्पष्ट लिहावं लागतं. अडचण कच्च्या मालात आहे. रंगाऱ्यासाठी किंवा कारखान्यासाठी विकलं जाणारं ॲसिड आणि खाद्य दर्जाचं ॲसिड यांच्या शुद्धतेच्या अटी वेगळ्या असतात. हातगाडीमागच्या कॅनवर कोणता दर्जा लिहिला आहे, हे ग्राहकाने विचारायला हरकत नाही. पेठेतला ग्राहक एरवी वडापावच्या चटणीतल्या मिठावरही दोन शब्द सुनावतो. इथेच तो गप्प का बसतो, कळत नाही.

उलट टोकाचा समज असा, की ॲसिड म्हटलं की ते विषच. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांबरोबर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास केला. तपासणीचं साधन होतं चार टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड. ते लावल्यावर संशयास्पद भाग पांढरा दिसतो, आणि तो ओळखायला दहावी शिकलेल्या आरोग्य सेविकांना तयार केलं गेलं. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. ज्या द्रवाने जीव वाचतात तोच पातळ न करता वापरला गेल्याने रुग्ण गंभीर भाजल्याच्या घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. चूक बहुतेक वेळा बाटलीच्या लेबलपाशीच झालेली असते.

गैरसमज : "दुकानात मिळतं, म्हणजे कुणीही न्यावं"

ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये विक्रीवर बंधनं घातली : विक्रेत्याकडे नोंदवही, गिऱ्हाइकाचं ओळखपत्र, खरेदीचं कारण, आणि अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. त्याच वर्षी केंद्राने राज्यांसाठी जे आदर्श नियम केले, त्यांतल्या विषारी पदार्थांच्या यादीत २५ टक्क्यांहून तीव्र ॲसिटिक ॲसिड आहे. त्याचं भावंड ॲसिटिक अनहायड्राइड तर १९९३ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखालचं नियंत्रित द्रव्य आहे. ओळखपत्र मागितलं म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नये.

राहिला प्रश्न माळ्यावरच्या त्या बाटलीचा. ती मोरीत ओतायची नाही, मुठेत तर नाहीच. लेबल शाबूत असेल आणि जवळची प्रयोगशाळा घेत असेल तर तिथे द्यावी. संस्थांनी आपला जुना साठा अधिकृत घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा; पुणे परिसरासाठी ते रांजणगावला आहे. घरच्या बाटलीबाबत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा. घनकचरा नियमांनुसार असा घातक कचरा वेगळा द्यायचा असतो. निदान एवढं तरी करा, की ती मुकाट्याने सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. पुण्यात ती पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक ताई हाताने उघडतात. बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत 'तीव्र ॲसिड, पेटतं' असं लिहा, ती वेगळी ठेवा आणि ताईंना तोंडी सांगा.